थ्रॉटल डावीकडे

आमच्या आतेभावाला, म्हणजे दादाला, उजवा हात नाहीये. कोपराच्या वर दंडाचा थोडा भाग आहे, बाकी नाही. आणि त्याच्यासाठी आम्ही एक क्वाड बाईक बदलून घेतली, म्हणजे ती चार जाड टायरवाली, मातीत-दगडांत चालणारी एटीव्ही, जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नागावच्या बीचवर नाहीतर लोणावळ्याकडे पैसे देऊन चालवलेली असेल. हे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. कशाला पण? नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात, स्पेअर घ्यायला जाते त्या दुकानातला माणूससुद्धा विचारतो. हाच दादा जर म्हणाला असता की ऑफिसला जायला साइड व्हीलवाली स्कूटर हवीये, तर एकानेही कशाला म्हणून विचारलं नसतं, उलट चार जणांनी ओळखीचा मेकॅनिक सुचवला असता. कामाला जायला गाडी लागते हे सगळ्यांना पटतं. मजेसाठी गाडी हवी म्हटलं की मात्र हात नसलेल्या माणसाला खुलासा द्यावा लागतो, जणू मजा ही त्याच्या वाट्याची गोष्टच नव्हे. मला हे फार लागतं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय, गाडीचं पण आणि बाकीचं पण.

दादा मूळचा बाईकवाला. पाऊस सुरू झाला की शनिवारी रात्रीच टाकी फुल्ल करून ठेवायचा आणि पहाटे माळशेज नाहीतर ताम्हिणी. अशाच एका पावसात खोपोलीच्या पुढे ओल्या रस्त्यावर कुणाचं तरी डिझेल सांडलेलं होतं त्यावरून गाडी घसरली आणि तो खांद्यावर पडला. हाड फार काही मोडलं नव्हतं, पण खांदा एकीकडे आणि हेल्मेटसकट डोकं दुसरीकडे असा हिसका बसला की मानेतून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या. ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात त्याला, मणक्यातून निघणाऱ्या पाच मुळ्यांचं जाळं असतं ते, आणि बाईकच्या अपघातात हे जाळं तुटणं डॉक्टर लोकांना अगदी ओळखीचं आहे. हात जागेवर होता पण त्यात काहीच नव्हतं, नुसता लोंबायचा, गरम भांड्याला लागला तरी कळायचं नाही, त्याच्या वजनाने खांदा खाली ओढला जायचा. ऑपरेशनं झाली, काही वर्षं वाट बघून झाली, आणि शेवटी त्याने स्वतः ठरवून तो कोपराच्या वरून काढून घेतला. हा निर्णय घरात कुणालाच झेपला नव्हता, पण त्याचं म्हणणं साधं होतं की हे ओझं आहे, हात नाही.

हात गेला तरी दुखणं गेलं नाही. जो हात नाही त्याचा पंजा जळतो, बोटं पिळल्यासारखी होतात, आणि रात्री जास्त. नसा मुळातून उपटल्या असतील तर असं होतं, हात काढल्याने ते थांबेलच असं नसतं, हे त्याला आधीच सांगितलं होतं. हाजीअलीजवळची केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे ना, १९५५ पासूनची, तिथं त्याला कृत्रिम हात बसवून मिळाला, तो लग्नाकार्याला घालतो, एरवी कपाटात असतो. दुखण्यावर त्याला सापडलेला उपाय वेगळाच आहे. डोकं आणि शरीर दोन्ही एकाच कामात पूर्ण गुंतलं की दुखणं मागे सरतं. टीव्ही बघून सरत नाही, फोन बघून नाही. ज्या कामात एक क्षण लक्ष हललं तर चुकेल असंच काम लागतं. मला वाटतं तुमच्या-माझ्यासारख्यांना मजा म्हणजे वरचं काहीतरी वाटतं, भाजी-भाकरी झाल्यावरचं, पण दादाच्या बाबतीत मजा हे औषधाच्या रांगेत बसणारं काम आहे. आणि नसतं तसं, तरीही त्याला ती हवी असण्यात गैर काय होतं?

घरचे प्रेमळ आहेत, त्यात वाद नाही. प्रत्येक जण म्हणायचा, चल दादा, मागे बस, तुला फिरवून आणतो. तो जायचा नाही. एकदा आईने फारच आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "मामी, मला बसायचं नाहीये गं, मला चालवायचंय." त्यानंतर कुणी मागे बस म्हटलं नाही.

मग बाईकच का नाही, क्वाड का? एका हाताने बाईक चालवणारे लोक आहेत. ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलन केम्पस्टर तर उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गमावलेला माणूस, सगळे कंट्रोल डाव्या बाजूला घेऊन रेसिंग करायचा, आणि गाडीवर नंबर लावायचा अर्धा. दादाने ते व्हिडिओ पारायण केल्यासारखे बघितलेत. पण रेसट्रॅकचं डांबर वेगळं आणि चिखल वेगळा. चिखलात बाईक पडणारच, आणि पडलेली बाईक एका हाताने, तीही दुखऱ्या खांद्याच्या आधाराने, उचलायची म्हणजे दर वेळी कुणीतरी सोबत पाहिजे. क्वाड थांबली की आपली आपण उभी राहते. एकटं जाता येतं, हा त्याचा मुद्दा होता.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते कारण लोकांचा फार गैरसमज असतो. चार चाकं आहेत म्हणून क्वाड सेफ असं नाही. अडीचशे-तीनशे किलोचं धूड असतं ते, आडव्या उतारावर कलंडतं, चढावर मागे उलटतं आणि अंगावर येतं. आधी तीन चाकांच्या एटीव्ही असायच्या, त्या इतक्या उलटायच्या की अमेरिकेत १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी त्या विकणं बंद केलं. ऑस्ट्रेलियात शेतकरी लोक क्वाड सर्रास वापरतात आणि तिथे त्यावर इतके जीव गेलेत की ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नवीन क्वाडला उलटल्यावर चालकाला जागा ठेवणारी कमान असणं बंधनकारक केलंय. आमच्या बाबांना ती कमान वाकवून वेल्डिंग करणं काही अवघड नव्हतं, पण आम्ही ठरवून केली नाही. असली गोष्ट टेस्ट झालेलीच लावायची, घरी पाइप वाकवून नाही. त्याऐवजी दादाने स्वतःला नियम घातला की आडव्या उतारावर जायचं नाही, आणि तो पाळतो.

गाडी सेकंडहँड मिळाली, तीनशे सीसीच्या आसपासची, ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही आणि पायाने गिअर टाकायचे नाहीत. हे ऑटोमॅटिक असणं फार महत्त्वाचं. स्पोर्ट्स क्वाडला डाव्या हाताला क्लच आणि डाव्या पायाला गिअर असतात, तशी घेतली असती तर डाव्या हातावर तिसरं काम पडलं असतं. छोट्या हत्तीत चढवून ती भांडुपला आणली, बाबांच्या गाळ्यावर. बाबांचा एल.बी.एस. रोडच्या आतल्या बाजूला छोटा गाळा आहे, एक लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आयुष्यभर दुसऱ्यांचं जॉबवर्क केलं. मी ड्रॉइंगचं काम करते, कॅडवर. तर दादाला मामा आणि मामेबहीण दोघं घरचेच मिळाले.

आता गाडीवर काय कुठे असतं ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याशी थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, बाईकसारखी मूठ पिळायची नाही, अंगठ्याने एक छोटी पट्टी पुढे ढकलायची. त्याच हाताच्या बोटांशी पुढचा ब्रेक. डाव्या हाताशी मागचा ब्रेक आणि दिवे, स्टार्टर, इंजिन बंद करायचं बटण. उजव्या पायाशी पुन्हा मागचाच ब्रेक. म्हणजे बघा, मागचा ब्रेक दोन ठिकाणी आहे, आणि डावा हात बऱ्यापैकी रिकामा आहे. आम्ही कागदावर हे मांडलं तेव्हा दादा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "अगं, उजवा हात चालवतो आणि डावा हात नुसता धरतो. माझा चालवणारा हात गेलाय, धरणारा राहिलाय." मग काम दोन भागात पडलं. डाव्या हाताला चालवायला शिकवायचं, ते त्यातल्या त्यात सोपं. आणि धरायचं कोणी, हा खरा प्रश्न.

आधी थ्रॉटल. मूठ पिळायचं थ्रॉटल डावीकडे लावणं स्वस्तात झालं असतं, पण दोघांनाही ते नको होतं. पुढचं चाक दगडावर आपटलं की शरीर मागे जातं, मनगट मागे वळतं आणि मूठ आपोआप उघडते, म्हणजे जिथे वेग कमी हवा तिथे वाढतो. दोन हातवाल्यांचंही असं होतं, म्हणून तर क्वाडला अंगठ्याचं थ्रॉटल देतात. ज्याचं सगळं शरीर एकाच मुठीला धरून आहे त्याला पिळायचं थ्रॉटल देणं म्हणजे धोका हातात देणं. कुणीतरी डाव्या पायाला अ‍ॅक्सिलरेटर लावा म्हणून सुचवलं, कारसारखं. पण खाचखळग्यात क्वाडवर उभं राहायला लागतं, सगळा भार पावलांवर येतो, मग पाऊल थ्रॉटलवर कसं ठेवणार. तेही बाद.

उरला अंगठा, डावा. आणि इथे एक गंमत आहे की उजव्या बाजूचं थ्रॉटल उचलून डावीकडे लावता येत नाही. फिरवून लावलं तर पट्टी मागे ढकलायला लागते, उलटं करून लावलं तर पट्टी हँडलच्या वर येते आणि अंगठा तर खाली असतो. त्याची आरशातली आकृती लागते. मी उजव्याचं माप घेऊन कॅडवर मिरर केलं, आधी प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट काढली, ती हँडलला लावून दादाला नुसतं बसवलं, दिवे बंद, इंजिन बंद, फक्त अंगठा. त्याने थोडा वेळ ढकलून बघितलं आणि म्हणाला पट्टी लांब आहे, अंगठ्याचं टोक लागतंय, मधला सांधा लागायला हवा, नाहीतर पंधरा मिनिटांत अंगठा भरून येईल. मला हे स्क्रीनवर कधीच कळलं नसतं. पट्टी आखूड केली, जरा खाली वळवली, पुन्हा प्रिंट, पुन्हा बसला. ज्याचं अंग त्यालाच विचारायचं, हे बोलायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात मदत करणारा माणूस फार लवकर स्वतःच ठरवायला लागतो, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. बाबांनी मात्र पहिल्यापासून एकही गोष्ट दादाला न विचारता कापली नाही. दादाने हो म्हटल्यावरच त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा मिलिंगवर चढवला.

केबल मापाने बनवून घ्यायला लागली कारण रस्ता बदलला. नागदेवीच्या बाजूला आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर अशी कामं करून देणारे बसलेले असतात, लांबी सांगायची, टोकाच्या घुंड्या दाखवायच्या, ते बनवून देतात. पण केबल बसवली म्हणजे झालं असं नाही. एक टेस्ट असते, ती बाबांनी मला शिकवली आणि मी इथे लिहून ठेवतेय कारण कुणाचा तरी जीव वाचेल. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करायचं, थ्रॉटलला हात लावायचा नाही, आणि हँडल पार डावीकडे, मग पार उजवीकडे वळवायचं. इंजिनचा आवाज जरासुद्धा वाढता कामा नये. वाढला म्हणजे केबल कुठेतरी ताणली जातेय, आणि मग एखाद्या घट्ट वळणात गाडी स्वतःच पळेल. आमची उजवीकडे शेवटच्या टोकाला किंचित वाढत होती, कानाला कळेल न कळेल एवढीच. बाबांनी केबल काढली, हँडलच्या दांड्याच्या पुढून नेलेली ती मागून मोठ्या वळणाने नेली, मग शांत. शिवाय पट्टी सोडली की टपकन मागे आली पाहिजे, म्हणून स्प्रिंग जरा कडक घातली, अंगठ्याला थोडं जड पडलं तरी चालेल.

ब्रेकला जास्त डोकं लागलं. मागचा ब्रेक उजव्या पायावर आहेच, तो तसाच ठेवला. पुढचा डाव्या हातावर आणायचा. उजवीकडचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ती तेलाची छोटी डबी असते लिव्हरपाशी ती, डावीकडे उलटी लावता येत नाही, तेलाची डबी सरळच राहिली पाहिजे नाहीतर तेलाच्या जागी हवा जाते आणि ब्रेकच लागत नाही. डावीकडचा होता तोच वापरायचा म्हटलं तर तो मागच्या एका कॅलिपरपुरता, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या एका चिमट्यापुरता, आणि पुढे दोन चाकांना दोन कॅलिपर. तेल कमी पडणार आणि लिव्हर हँडलला टेकणार, हे बाबांनी हिशोब करूनच सांगितलं. त्याचा बोर, म्हणजे आतला व्यास, १२.७ मिलिमीटर होता. १४ चा घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २१ टक्के वाढतं, म्हणजे तेवढ्याच दाबण्यात २१ टक्के जास्त तेल जातं, पण मग तेवढाच जोरही जास्त लागतो. आणि जोर लावणार कोण, तर तीच दोन बोटं, कारण बाकीची दोन हँडल धरून बसलीयेत आणि अंगठा थ्रॉटलवर. फुकट काहीच मिळत नाही यात. कुर्ल्याच्या भंगारात एका मोठ्या बाईकचा डाव्या हाताचा १४ चा मास्टर सिलिंडर मिळाला, क्लचचा होता, त्यामुळे आधी त्याच्यावर काय कोरलंय ते वाचून घेतलं. काही क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं, त्याच्या रबरी सीलमध्ये ब्रेकचं तेल, डॉट फोर, गेलं तर रबर फुगून बसतं. हा डॉट फोरचाच होता. सील तरी नवीन घातले, ब्रेक आहे, जुन्यावर भरवसा कशाला. जोर कमी लागावा म्हणून लिव्हरचं पर्च, म्हणजे लिव्हर हँडलला धरून ठेवणारी पकड, दोन बोटं आत सरकवलं, म्हणजे दादाची बोटं लिव्हरच्या अगदी टोकाला पडतात आणि तरफ लांब होते. ब्लीडिंग केलं, म्हणजे तेलातली हवा काढली, बुडबुडे यायचे थांबले, लिव्हर दाबल्यावर दगडासारखं घट्ट लागलं, तेव्हा बाबांनी हात पुसले.

आणि मग ते धरण्याचं. क्वाड एका हाताने चालवली की काय होतं हे मला आधी माहीत नव्हतं. चढावर गाडी वेग घेते, शरीर मागे सरकतं, आणि मागे सरकणारं सगळं शरीर डाव्या मुठीला लटकतं. डावी मूठ मागे ओढली म्हणजे हँडल डावीकडे वळलं. म्हणजे तुम्ही सरळ जायचं म्हणताय आणि गाडी डावीकडे निघालीये, आणि जितकं घट्ट धराल तितकी जास्त. दुसरा हात असतो तो हे सगळं नकळत सांभाळतो.

पट्ट्याने बांधून घ्यायचं का, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. अजिबात नाही. कारमध्ये पट्टा चालतो कारण वर छप्पर आहे. क्वाड उलटायला लागली तर माणसाने त्यातून सुटलं पाहिजे, बांधलेला असेल तर गाडीखाली जाईल. कृत्रिम हात हँडलला अडकवायचा असला तरी तोच नियम, जोरात हिसका बसला की सुटणारा गोळी-वाटीचा सांधा पाहिजे. दादाच्या दंडाचा उरलेला भाग इतका आखूड आहे की त्यावर जोर देणारा हात टिकत नाही, शिवाय त्याला तो भाग मोकळा हवा होता, तोल सांभाळायला तो वापरतो, मान डोलावावी तितक्या सहज.

मग धरायचं कुणी, तर गुडघ्यांनी, पावलांनी आणि बुडाने. सीटवाल्याकडून सीटच्या मागच्या भागात उंचवटा करून घेतला, कमरेला मागून टेकेल असा, चढावर शरीर सरकायला लागलं की तो अडवतो आणि हातावर लटकायची वेळच येत नाही. सीटला वरून घसरणार नाही असं खरखरीत कव्हर. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबराचे पॅड, गुडघे आवळायला. आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर डॅम्पर, म्हणजे चाक दगडावर आदळलं की हँडलला जो फटका बसतो तो तेलात जिरवणारा छोटा शॉकअब. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक सीटच्या त्या उंचवट्याने पडला, आणि तो सगळ्यांत स्वस्त होता. माप कसं घेतलं तर दादाला गाडीवर बसवून गाडीचं तोंड फळ्यांवर चढवलं, फोमचे तुकडे मागे सरकवत बसलो, आणि तो म्हणाला "इथे, बस्स" तिथे पेनने खूण केली.

टायरच्या हवेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्वाडच्या टायरमध्ये साधारण ५ पीएसआय हवा असते. कारमध्ये तीसच्या आसपास असते. पंक्चरवाल्याकडे नेली तर तो सवयीने कारसारखी भरून देतो, टायर टणक होतात, गाडी प्रत्येक दगडावर उडते आणि सगळा हिसका हँडलमध्ये. दोन हातवाल्याला नुसती गाडी कडक वाटेल, एका हातवाल्याच्या हातून हँडल सुटेल. नेहमीच्या गेजवर ५ नीट दिसतही नाही, कमी दाबाचं वेगळं गेज येतं ते घ्यायचं आणि स्वतः मोजायचं.

बारीकसारीक पण बरंच होतं. हेल्मेटचा दोन कड्यांमधून ओवायचा पट्टा एका हाताने लागत नाही, म्हणून खटक्याचं बक्कल असलेलं हेल्मेट घेतलं. ग्लोव्हच्या मनगटापाशी आत्याने कापडी फास शिवून दिला, तो दातात धरून ओढतो. पडला तर इंजिन बंद करणारी दोरी लोक मनगटाला बांधतात, त्याच्या एकुलत्या मनगटाला आधीच खूप कामं आहेत, तर ती जॅकेटच्या कमरेला. रिव्हर्सचा दांडा गाडीच्या उजवीकडे होता, तो अजून तिथेच आहे, डावा हात आडवा नेऊन टाकतो, फक्त गाडी थांबलेली आणि पाय ब्रेकवर असतानाच. मला तो डावीकडे आणायचा होता, तो म्हणाला राहू दे, जमतंय. राहू दिला.

कायद्याचं विचाराल तर अशा एटीव्हीला आपल्याकडे रोडवर चालवायला पासिंग मिळत नाही, त्यामुळे ती टेम्पोतून न्यायची आणि खासगी जागेत मालकाच्या परवानगीने चालवायची. अपंगत्व असलेल्या माणसासाठी बदललेल्या रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र व्याख्या मिळाली हे चांगलं झालं. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, दोन्ही हात नसलेल्या इंदूरच्या विक्रम अग्निहोत्रींना पायाने कार चालवायचं लायसन मिळालं होतं. आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा जो कायदा आहे त्यात नोकरी, शिक्षण, प्रवास हे तर आहेच, पण कलम २९ संस्कृती आणि करमणुकीचं आहे, कलम ३० खेळांचं. म्हणजे संसदेने लिहून ठेवलंय की करमणूक हाही हक्काचा भाग आहे. कशाला पण विचारणाऱ्यांना मी हल्ली हेच सांगते, आवाज न चढवता.

बीचवर मात्र नेत नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं वाळूत अंडी घालतात, वरून गाड्या गेल्या की घरट्यांचं काय होत असेल. ओळखीच्यांचा कर्जतजवळ माळ आहे, तिथे जातो. ऐरोली पुलावरून शिळफाटा, मग बदलापूर, सकाळी लवकर निघालं तर बरं. पहिल्यांदा नेली तेव्हा बाबांनी थ्रॉटलच्या डबीवरचा स्क्रू आत पिळून ठेवला होता. तो स्क्रू किती आत आहे त्यावर पट्टी किती दाबली जाईल ते ठरतं, म्हणजे वेगाला लगाम. सपाट मातीत आठचे आकडे काढले त्याने, डावीकडे, उजवीकडे, थांब, रिव्हर्स, पुन्हा. उजवीकडचं वळण त्याला अवघड जातं, कारण डावा हात लांब ढकलावा लागतो आणि खांदा पुढे न्यावा लागतो, तर तो अंगच आधी उजवीकडे टाकतो, वळण येण्याच्या जरा आधी. मी मोबाईल धरून उभी होते आणि व्हिडिओ काढायचं सोडून नुसती बघत होते. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं, भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट. दुखतंय का म्हणून विचारलं तर म्हणाला, "आत्ता विचारू नकोस, आत्ता आठवण नाहीये."

नंतर त्याने खिशातून छोटा पाना काढून तो स्क्रू स्वतःच थोडा सैल केला. बाबा बघत होते, काही बोलले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले की केलास तर केलास, पण प्रत्येक वेळी अर्ध्या आट्याच्या वर नाही. दादा म्हणाला, "बरं मामा."

आता पावसाचं टेन्शन आहे. त्या माळावरची लाल माती ओली झाली की बुटाच्या तळव्याला साबण लावल्यासारखी होते आणि मागचा ब्रेक पायावर असल्याने पाय सटकून चालणार नाही, हातात फक्त पुढचा ब्रेक आहे आणि चिखलात उताराला नुसता पुढचा ब्रेक दाबला तर पुढची चाकं लॉक होऊन गाडी वळायची थांबते. तर पॅडलवर करवतीसारखे दात पाडायचेत आणि पॅडल थोडं रुंद करायचंय, पण इतकंही नाही की उभं राहताना बूट त्यात अडकेल. उतारावर गाडी उभी करून खाली उतरायचं असलं तर पॅडल दाबलेलं राहावं म्हणून एक खटकाही बसवायचाय, त्याचं ड्रॉइंग अर्धं झालंय. मी दादाला सांगितलंय की येताना तेच चिखलाचे बूट घेऊन ये, धुऊ नकोस, माप त्यावरच घेऊ.